मांडलेलं हलवायचं नाही

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे राहायला तो टेकवडीत आणि जावई उंबरमाळचा, पण भोळेपणा एवढा की दोन्ही गावांना पुरून उरे. नाव मल्हारी. लोक मल्हू म्हणत. अंगात ताकद भरपूर, मनात कपट नाही, आणि डोक्यात एका वेळी एकच गोष्ट. आई म्हणाली, "दुधावर ध्यान ठिव," तर दूध उतू गेलं, चूल विझली, पातेलं करपलं, तरी हा ध्यान ठेवून बसलेला. सांगितलेलं मोडायचं नाही, हे त्याचं व्रत होतं.

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव सुगंधा. ती शहाणी होती. कुणी मल्हूला काही सांगितलं की मागून त्यातलं किती करायचं आणि कुठे थांबायचं, ते ती सांगे. त्यामुळे संसार बरा चालला होता. पण पंचमी आली आणि सुगंधा माहेरी गेली. मल्हूला घर खायला उठलं. त्याला भाकरी गोड लागेना. म्हशीला दोनदा पाणी पाजी आणि स्वतः प्यायचा विसरे.

आई म्हणाली, "मल्हू, जा, सुनंला घिऊन ये. आन तिथं सोताची अक्कल पाजळू नगंस. सांगतील तसंच कर."

"बरं," मल्हू म्हणाला. "ध्यानात ठिवतो."

आता सासऱ्याची गोष्ट. उंबरमाळचे बजाबा सुतार म्हणजे कामाला देवमाणूस, पण एका खेळाचं वेड. त्यांच्या भाच्याने शहरातून एकदा पुठ्ठ्याचा खेळ आणला होता. चौकोनी चौकोनी फरश्या. कुठल्या फरशीवर रस्ता, कुठल्या फरशीवर ओढा, कुठे शेत, कुठे गावकुसाची भिंत. पिशवीत हात घालून एक काढायची आणि आधी मांडलेल्या फरशीच्या कडेला लावायची. रस्त्याला रस्ता मिळाला पाहिजे, ओढ्याला ओढा. असं करत करत पाटावर अख्खं गाव उभं राहतं. वर आपली चिमुकली माणसं ठेवायची आणि गुण मिळवायचे.

पुठ्ठा उंदरांनी खाल्ला. बजाबांनी सागाच्या ढलप्यांतून नव्या फरश्या केल्या. तिथे थांबले असते तर बरं होतं. पण हौसेला मोल नाही. गावच्या शिंप्याने जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. गुण मोजायला बजाबांनी चिंचोके ओवलेला दोर केला. फरश्या उतरायला घसरगुंडी केली, खाली पडणारी फरशी अलगद झेलायला कापसाची गादी केली. मग मूळ खेळात नव्हते ते नियमही आले. बजाबा त्याला भर म्हणत. दर आठवड्याला नवी भर. एकदा पुराची भर, एकदा बिबट्याची भर. बिबट्या लाकडाचाच होता, पण ज्याच्या माणसावर येई तो खरोखर ओरडे.

घरात एक रीतही पडली होती. लेकीला न्यायला जावई आला की त्याने सासऱ्याबरोबर एक डाव पुरा खेळायचा. हरला तरी चालेल. डाव मोडला तर मात्र जावई रिकाम्या हाताने परत. बजाबा म्हणत, "ज्याला एक डाव शेवटापातूर निभावत न्हाई, त्यो संसार काय निभावणार?"

मल्हू आला. चूळ भरली, पाय धुतले, पाटासमोर बसला. सासूबाईंनी शेवयांची खीर पुढ्यात ठेवली. दाराआड सुगंधा उभी होती, गाठोडं बांधून.

बजाबा म्हणाले, "जावईबापू, पिशवीत हात घाला. न बघता एक फरशी काढा."

मल्हूने डोळे घट्ट मिटले. फरशी काढली.

"हां, मांडा आता."

डोळे उघडा असं कुणी म्हणालं नव्हतं. मल्हूने चाचपलं. समोर काहीतरी गोल लागलं, मऊ लागलं, जरा ऊनही लागलं. त्याने फरशी तिथे मांडली आणि बोटाने नीट खाली दाबली.

बजाबा बघत राहिले. "जावईबापू, खिरीला कंचा रस्ता जोडला?"

फरशी फुगली. ती कुठल्याच फरशीला जुळेना. डाव मोडला.

सुगंधा त्याला पोचवायला वेशीपर्यंत आली. हात धरूनच आणावं लागलं, कारण डोळे अजून मिटलेलेच होते. वेशीत ती म्हणाली, "अवो, डोळं उघडा. न बघता काढायची आसती, मांडायची न्हाई. मांडताना चारी बाजू बघायच्या. शेजारच्याशी जुळतंय का बघायचं. न्हाई जुळलं तर फिरवून फिरवून जुळवायचं."

"बरं," मल्हू म्हणाला. "ध्यानात ठिवतो."

घरी आईने विचारलं, "सून कुठं हाय?"

"डावात हाय," मल्हू म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला. बजाबांनी खिरीचा राग काढून टाकला होता. आज पुराची भर होती. पाट मांडून तयार होता, पण बजाबांनी ठरवलं, आधी जेवून घेऊ, मग निवांत खेळू. सासरा-जावई पंगतीला शेजारी शेजारी बसले. भाकरी, आमटी, मिरचीचा ठेचा. बजाबांची नजर पाटावर. ते पुराचा विचार करत जेवत होते.

मल्हूने भाकरी कुस्करली, मधे आळं केलं, आमटी ओतली. आमटी वाहत ताटाच्या उजव्या कडेला आली. पलीकडे सासऱ्याचं ताट. त्या कडेला ठेचा. ओढा ठेच्याला येऊन भिडलेला. मल्हूला घास जाईना.

त्याने हळूच सासऱ्याचं ताट थोडं फिरवलं. आता ओढ्याला भाकरी आली. आणखी फिरवलं. आता आमटीला आमटी. जुळलं. त्याला फार समाधान वाटलं.

बजाबांनी न बघता हात घातला. जिथे आमटी-भाकरी असायची तिथे आता ठेचा होता. चांगला मोठा घास घेतला. आधी ते उभे राहिले, मग उडी मारली, मग पाटावरून पाण्याच्या घागरीकडे धावले. पाटावर पाय पडला, फरश्या न्हाणीपर्यंत गेल्या, बिबट्या चुलीत पडला.

डाव सुरू व्हायच्या आधीच मोडला. असं उंबरमाळात पहिल्यांदाच झालं.

वेशीत सुगंधा म्हणाली, "जेवणात कुणी जुळवतं का? ती गोष्ट फरश्यांची हाय. आन आता माणसाचं ऐका. फरशी मांडली की वर आपला माणूस ठिवायचा. पर जिथं आधीच कुणी बसलं आसंल तिथं घुसायचं न्हाई. रिकामी जागा बघायची आन तिथंच बसवायचा."

"बरं. ध्यानात ठिवतो."

"सून कुठं हाय?" आईने विचारलं.

"डावातच हाय."

तिसऱ्या खेपेला मल्हू सकाळीच निघाला. उंबरमाळला पोचला. ओसरीवर बजाबा बसले होते, नवा बिबट्या कोरत. तिथे आधीच कुणी बसलेलं. मल्हू मागच्या दाराने गेला. चुलीपाशी सासूबाई. तीही जागा गेली. गोठ्यात डोकावला. गोठ्यात म्हैस बसलेली. अगदी ऐसपैस बसलेली. मल्हूने तिला रामराम केला आणि बाहेर आला. माळ्यावर मांजर होतं.

पडवीत धान्याची कणगी होती. ताजी शेणामातीने सारवलेली, नवं धान्य यायचं म्हणून रिकामी. मल्हूने वरून डोकावलं. आत कुणीच नव्हतं. रिकामी जागा म्हणतात ती हीच. तो आत उतरला आणि बसला.

इकडे बजाबा वाट बघतायत. मांडलेला पाट, भरलेली पिशवी. दुपार झाली. शिंपी येऊन गेला. जावई काही येईना.

"आता येणार न्हाईत त्ये," बजाबा म्हणाले. "घाबरलं."

"मी बसलूय," कणगीतून आवाज आला.

सासूबाईंच्या हातातली परात पडली. बजाबा उठले आणि कणगीपाशी गेले. "जावईबापू, आत काय करताय?"

"रिकामी व्हती, मामा."

"बरं, भाईर या."

मल्हूला बाहेर येता येईना. उतरताना खांदे गेले होते, चढताना जाईनात. शेवटी कणगी कापावी लागली. कणगी कापायला करवत लागली, करवतीला बजाबा लागले, आणि कणगी पुन्हा बांधायला दिवस गेला. डावाचं कुणाला सुचलंच नाही.

वेशीत सुगंधाने त्याला खाली वाकवलं. त्याच्या केसांतली शेणमाती काढत राहिली. मग म्हणाली, "रिकामी जागा लाकडाच्या माणसाला बघायची, तुमाला न्हाई. तुमी आपलं घरात येऊन बसत जावा. आन आता नीट ऐका, ह्यो लई कामाचा नियम हाय. माणूस रस्त्यावर आसंल तर उभा ठिवायचा. शेतात आसंल तर आडवा निजवायचा. आन शेतात निजवला की डाव सपंस्तवर उठू द्यायचा न्हाई. कुणी कायबी म्हणू दे."

"कुणी कायबी म्हणू दे," मल्हू म्हणाला. "ध्यानात ठिवतो."

"सून कुठं हाय?"

"आयं, डाव लांबलाय."

चौथ्या खेपेला मल्हू पायवाटेने चालला होता. रस्त्यात एक माणूस उभा दिसला. मल्हूने मान डोलावली. बरोबर आहे. पुढे ओढा लागला, ओढ्यापुढे भुईमुगाचं शेत. शेतात एक माणूस उभा. पाठमोरा, डोक्याला मुंडासं, हातात खुरपं.

शेतात आणि उभा. मल्हू जागीच थांबला. असं चुकीचं मांडलेलं बघून आपण पुढे गेलो तर आजचा डाव गेलाच. तो बांधावरून धावत आला, मागून त्या माणसाच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला अलगद, भुईमूग मोडू न देता, सरीत आडवा निजवला.

मुंडासं सुटलं. ते बजाबा होते.

"जावईबापू!"

"रामराम मामा. पडून ऱ्हावा."

"आरं सोड मला!"

"उठायचं न्हाई, मामा. डाव सपंस्तवर उठायचं न्हाई."

"आरं पर डाव सुरू कुठं झालाय?"

मल्हूने विचार केला. "मंग तर लई वेळ लागंल," तो म्हणाला आणि बजाबांच्या डोक्याखाली आपला पटका घडी करून ठेवला.

बजाबा उठले की मल्हू निजवी. बजाबा ओरडले की मल्हू म्हणे, "कुणी कायबी म्हणू दे." ऊन चढलं तसा तो त्यांच्यावर सावली धरून उभा राहिला. मधून मधून शेंगा सोलून त्यांच्या तोंडात घाली. सेवेत कसूर केली नाही. भाकरी घेऊन सासूबाई आल्या तेव्हा बजाबांनी हातपाय झाडणं सोडून दिलं होतं. ते आभाळाकडे बघत गुण मोजत होते.

त्या दिवशी बजाबांचा संताप काही औरच होता. ओसरीवर उभे राहून त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "दसऱ्याला शेवटचा डाव. त्योबी मोडला तर माजी पोरगी इथंच ऱ्हाणार. इथं मांडली ती मांडली. मंग हलणार न्हाई."

वेशीत सुगंधाच्या डोळ्यांत पाणी होतं. हसूही होतं, कारण बजाबांच्या पाठीवर अजून भुईमुगाची पानं चिकटलेली तिने पाहिली होती. पण पाणी जास्त होतं.

"अवो, मला घरी यायचंय," ती म्हणाली. "मला हितं करमत न्हाई. तुमी कसंबी खेळा, हरा, पर डाव मोडू नगा. आता येकच ऱ्हायलं सांगायचं. येकदा मांडलेली फरशी हलवायची न्हाई. जीव गेला तरी न्हाई. तिला काय जोडायचं आसंल, तर आपल्या हातातली नेऊन तिच्या कडंला लावायची. रस्त्याला रस्ता, भिंतीला भिंत, दाराला दार."

"मांडलेलं हलवायचं न्हाई," मल्हू म्हणाला. "आपलं नेऊन लावायचं. सुगंधा, ह्ये मी मरस्तवर ध्यानात ठिवतो."

"सून कुठं हाय रं?" आई म्हणाली. भाकऱ्या थापून तिचे हात दुखायला लागले होते.

"दसऱ्याला," मल्हू म्हणाला आणि सबंध वाट तोंडाने घोकत आला होता तेच पुन्हा घोकू लागला.

दसरा आला. ओसरीवर ही गर्दी. बजाबांनी सगळ्या भरी एकदम लावल्या होत्या. पूर होता, दोन बिबटे होते, जत्रा होती, ओढ्याला पूल होता, आणि पावणा नावाची एक भर होती, ती फक्त बजाबांना कळत असे. सोनं वाटून झालं आणि डाव बसला.

मल्हूने न बघता फरशी काढली. डोळे उघडून मांडली. चारी बाजू पाहिल्या. जुळली नाही, फिरवली. जुळली. रिकामी जागा पाहून माणूस ठेवला. तो शेतात होता, म्हणून आडवा निजवला. बिबट्या आला तरी उठवला नाही. पूर आला तरी उठवला नाही. शिंपी म्हणाला, "आता उठवा की त्याला." मल्हू म्हणाला, "कुणी कायबी म्हणू दे."

लोक चाट पडले. खरं म्हणजे त्यात नवल काही नव्हतं. चुकीच्या जागी करून बघायचं ते सगळं त्याचं करून झालं होतं. आता बरोबर जागाच तेवढी शिल्लक होती.

पिशवीतली शेवटची फरशी मल्हूच्या हाताला लागली. तिच्यावर गावकुसाचा कोपरा होता. त्याने तो बजाबांच्या गावकुसाला लावला. भिंत बंद झाली, शेत पुरं झालं, निजलेला माणूस अखेर उठला. दोरावरचे चिंचोके सरकत सरकत टोकाला गेले. मल्हू जिंकला होता.

बजाबांनी दोरावरचे चिंचोके पुन्हा मोजून पाहिले. मग उठले आणि जावयाला कडकडून मिठी मारली. मल्हू जरा बिचकला, कारण ओसरीत उभं राहायचं की निजायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

"जितलास गड्या," बजाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता घिऊन जा तुजी लक्षुमी."

सुगंधा गाठोडं घेऊन उंबऱ्यात आली. हिरवं लुगडं, केसांत झेंडूचं फूल. मल्हूने तिच्याकडे पाहिलं. त्याला ती इतकी आवडली की त्याचे हात पुढे झाले. मग ते तसेच थांबले.

"कसं नेणार?" तो म्हणाला. "तुमीच म्हणलाव मामा, हितं मांडली. मांडलेलं हलवायचं न्हाई."

"आरं, ते मी रागानं..."

"जीव गेला तरी न्हाई," मल्हू म्हणाला. सुगंधाकडे बघून तो हसला, जसं काही दोघांचं ठरलेलंच होतं. "तू हितनं हलू नगंस. मी आलोच."

आणि तो धावत सुटला. कुणाच्या हाती लागला नाही. सुगंधाने गाठोडं खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसली. आपण काय सांगितलं होतं ते तिला शब्द न् शब्द आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी बजाबा उशिरा उठले. आदल्या दिवशीच्या आनंदात झोप चांगली लागली होती. दार उघडलं. समोर अंगण असायचं, त्यापलीकडे तुळस, त्यापलीकडे रस्ता. आज समोर एक खोली होती. खोलीत चूल होती. चुलीपाशी एक म्हातारी भाकऱ्या थापत होती.

"कोन हाय?" म्हातारीने विचारलं.

"मी बजाबा," बजाबा म्हणाले. स्वतःच्या दारात त्यांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

मल्हूचं घर कुडाचं होतं, वर पत्रे. टेकवडीतल्या साऱ्या बैलगाड्या त्याने सणाच्या गडबडीत मागून आणल्या. कुडाच्या भिंती मोकळ्या केल्या, पत्रे उतरवले, आईला चुलीसकट वर बसवलं आणि पहाट फुटायच्या आत सगळं उंबरमाळला आणून उभं केलं. भिंतीला भिंत लावली. उंबऱ्याला उंबरा लावला. दाराला दार असं नेमकं मिळवलं की मधून वारा जाईना. तुळस त्याने हलवली नाही. ती मांडलेली होती. म्हणून ती आता त्याच्या माजघरात होती.

"मल्हू!" बजाबा ओरडले. "आरं, माजं आंगण!"

मल्हू घामाने भिजलेला, पत्र्यावरून खाली डोकावला. "मामा, चारी बाजू बघून घ्या. कुठं चुकलंय का?"

बजाबा भिंतीवरून हात फिरवत निघाले. सुतार माणूस. त्यांनी काटकोन बघायला गुण्या लावला, ओळंबा सोडला. या कोपऱ्याकडून बघितलं, त्या कोपऱ्याकडून बघितलं. शिंप्याने बघितलं. कुठे केसभर चूक सापडेना.

"उचल ह्ये," बजाबा म्हणाले. आवाज पार बसला होता.

"मामा," मल्हू समजुतीने म्हणाला, "ते न्हाई चालत."

सुगंधाने उंबरा ओलांडला. एक पाय माहेरात, एक पाय सासरी. आधी तिने पदराने तोंड झाकलं, मग झाकलं तरी हसू मावेना, मग ती तिथेच मधोमध बसली आणि दोन्ही घरांत ऐकू जाईल असं हसत सुटली.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. मान वर न करता सवयीने विचारलं, "सून कुठं हाय?"

"ही काय," मल्हू म्हणाला.

त्या दिवसापासून बजाबांना शेतात जायचं झालं तर विहीणबाईंच्या चुलीपुढून जावं लागतं. रोज त्या विचारतात, "कोन हाय?" रोज बजाबा सांगतात, "मी बजाबा." आणि रोज पत्र्यावर बसलेला मल्हू वरून हाक देतो, "मामा, ह्याचं गुण किती धरायचं?" बजाबांनी त्यासाठी एक नवी भर काढायला घेतली आहे, पण ती अजून जुळत नाही.

फरश्या पिशवीत, माणसं घरात. गोष्ट इथे मांडली आहे, आता ती कुणी हलवू नये.